ताईची कडी

ताई गेली त्याच्या आदल्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसलो होतो. नाकात नळी, तरी पहिला प्रश्न... "सभेची तारीख आली का?" मी म्हटलं, "आधी बरी तर हो." डोळे वटारून म्हणाली, "नाय झाले बरी, तर तू बोलशील ना?" त्याला आता महिना उलटून गेला. रडून झालंय. उरलाय तो राग, आणि तो मी लपवणार नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. सालवडला एका खोलीत राहायची, तारापूरच्या एका साबण कारखान्यात पॅकिंगला होती. तिथं बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. एक आत गेली की दुसरीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं, अशी कित्येक वर्षं काढली त्यांनी. ताईनं मॅनेजरकडे कडी मागितली. तो म्हणाला, "तुमच्यासारख्या रोज गेटवर उभ्या असतात." पुढच्या सोमवारी ताई गेटबाहेर. त्याला मात्र बढत्या मिळत गेल्या, आज तो कंपनीचा संचालक आहे. त्याचं भलं होवो म्हणायला माझी जीभ वळत नाही.

मी बँकेत होतो, शेअरचा नाद जुना. ताईच्या पुंजीतून तिला काही उड्या मारणारे शेअर घेऊन दिले होते. एकदा म्हटलं, "यात एखादा डिफेन्सिव्ह हवा. बाजार कोसळला तरी फारसा न हलणारा, दरवर्षी लाभांश देणारा. मंदीतही माणसं आंघोळ करतातच." ताई खूप दिवसांनी हसली. "मग आमचाच साबण घे. मालकीण व्हायचं हाय मला."

पहिल्या लाभांशातून तिनं बोईसरच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक पितळी कडी आणली. भागधारकांची वार्षिक सभा हल्ली मोबाइलवर भरते, आधी नाव नोंदवलं की बोलायला मिळतं. ताई ठेवणीतली साडी नेसून, मोबाइल पाण्याच्या हंड्याला टेकवून बसायची आणि दरवर्षी एकच विचारायची, "साहेब, कडी कधी लावताय?" ज्यानं हाकललं त्यालाच तिला "आदरणीय भागधारक भगिनी" म्हणावं लागायचं. एका वर्षी त्यांनी तिचा आवाज बंद केला. तिनं कडी कॅमेऱ्यासमोर धरली आणि वेळ संपेपर्यंत हात खाली घेतला नाही.

माझाही गुन्हा सांगतो. मध्ये भाव चांगला वधारला आणि मी तिला न विचारता ते सगळे शेअर विकून टाकले. वर आनंदाची बातमी म्हणून सांगायला गेलो. ताई म्हणाली, "माजं तोंड विकलंस तू." त्या वर्षी सभेत ती नव्हती. साहेब निवांत सुटले, तेही माझ्यामुळे. चढ्या भावानं मी ते परत घेऊन दिले, तरी त्या राखीला माझं मनगट रिकामंच राहिलं.

कडी अजून लागलेली नाही. दिवसांना आलेल्या पॅकिंगच्या बायका म्हणाल्या, "आमी अजून दार धरतो, भाऊ." साहेबांना वाटत असेल, पीडा टळली. पण वारस म्हणून शेअर माझ्या नावावर झालेत आणि येत्या सभेत बोलणाऱ्यांत मी नाव नोंदवलंय. हंडा मी घरी आणलाय, कडी घासून लख्ख केलीय. ताईनं लग्न केलं नाही, त्यामुळे सभेत पुकारलं जाईल ते आडनाव तेच असेल. ते ऐकताना साहेबांचं तोंड मला बघायचंय.