ओल्या कापसाचा वास
मी कामाला आहे त्या सूतगिरणीत कापसाची बांधीव गाठ फोडली, की त्या वासासरशी मी तमिळनाडूतून थेट आर्णीजवळच्या आमच्या घरी पोचते. बाबांच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली, तेव्हा मी धावत गावी गेले. ते खाटेवर बसून होते, पण माझ्याकडे पाहून आईला विचारत, "कोन हाय थे?" सातवीतच शाळा सोडलेल्या मला डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढून समजावलं, "वासाची वाट आठवणीच्या अन् मायेच्या जागेला अगदी लागून जाते. ओळखीचे वास देऊन पाहा." उदबत्ती, तंबाखू, फोडणी, सगळं करून झालं. मग काकांनी घरातल्या गंजीतला, ढिगातला, मूठभर कापूस आणला. "दादा, व्यापारी येऊन राह्यला. पाहा बरं." बाबांनी कापूस हुंगला आणि विकण्याआधी ओल पाहायला लावत तसा गालाला लावला. "वल्ला हाय. आज इकू नोको." मग माझ्याकडे वळले, "कवा आली व माय? वाळू घाल थो." मी रडत रडत अंगणात कापूस पसरला. आजही घरून फोन येतो. पलीकडून बाबा विचारतात, "वाळला का व कापूस?" तो कापूस कधीचाच वाळलाय, पण त्याच्यावरूनच ते मला ओळखतात. त्या डॉक्टरीणबाईंना मनोमन हात जोडून मी सांगते, "वाळून राह्यला, बाबा."