समुद्रातून धारूरला आलेला पहिला मेल

मंडळी, आज दादाचा मेल आला! भर समुद्रातून, रेडिओवरून, थेट आमच्या धारूरला! मी अजून नाचतेय!

दादा मित्राच्या शिडाच्या बोटीवर गेलाय. तिथं मोबाइलला रेंज नसते, म्हणून निघण्याआधी रेडिओवरून मेल करायची सेवा निवडायची होती. एक पैसे भरून मिळणारी, दुसरी हौशी रेडिओवाल्यांची, फुकट. दादाकडे रेडिओचा परवाना होताच. पण फुकटच्या सेवेवर धंद्याचं एक अक्षर लिहायला बंदी, आणि आमच्या घरचा धंदा सीताफळांचा.

मी अण्णांना म्हटलं, "पैसेवालीच घेऊ. तुमा बापलेकांचं सीताफळाच्या भावाशिवाय दुसरं बोलणंच न्हाई."

अण्णा म्हणाले, "म्हणून तर फुकटवाली घ्या. बगू तरी, पोरगं काय बोलतंय."

आज मी मेल मोठ्यानं वाचून दाखवला. "अण्णा, काय लिहावं सुचंना. तुमचा गुडघा कसा हाय?"

अण्णा लई खूश! लगेच मला उत्तर लिहायला बसवलं.

तेव्हापासून सांगतायत आणि दर वेळी सीताफळापाशी येऊन अडकतायत. गुडघ्याच्या पुढं काय लिहावं, ते त्यांनाही सुचत नाहीये.

तुमच्याकडे बापलेक धंदा सोडून काय बोलतात हो? लवकर सांगा, अण्णा वाट बघतायत.