थंड मशीनवरचा हात

जुन्नरमध्ये माझं मोटरी भरायचं दुकान आहे. जळालेली मोटर आली की जुनी तार काढायची, नवी भरायची, व्हार्निश मारून सुकवायची आणि गिऱ्हाइकासमोर ट्रायल द्यायची. ट्रायल म्हणजे तासभर मोटर चालवायची आणि तिच्या अंगावर तळहात ठेवून ती जास्त तापत नाही ना ते बघायचं. दुकानात मीटर आहेत, पण आमच्याकडच्या शेतकऱ्याचा विश्वास मीटरपेक्षा माझ्या हातावर. मी हात ठेवून मान हलवली की मोटर जीपमध्ये चढते. तीस वर्षं असंच चाललंय.

जवळच्या डिंगोरे गावचा एक शेतकरी माझं पहिलं गिऱ्हाईक. पुढे दोस्त झाला. त्याच्या पोरीच्या बारशाला मी त्याच्या ओट्यावर जेवलोय, आणि आता ती पोरगी अवसरीला इंजिनिअरिंग शिकते.

दोनेक वर्षांपूर्वी दुकानात एक साहेब आला. पांढरा शर्ट, हळू बोलणं. म्हणाला, "मिस्त्री, मला तुमच्याच हातची मोटर हवी." सांगितले तेवढे पैसे त्याने घासाघीस न करता दिले. मी तिथेच सावध व्हायला हवं होतं, कारण ज्याला खरोखर मोटर लागते तो पाच रुपये तरी कमी करून घेतोच.

महिन्याभराने त्याने रस्त्याकडेच्या भाड्याच्या शेडमध्ये कार्यक्रम ठेवला. मांडव, खुर्च्या, चहा, भजी. सिमेंटच्या चौथऱ्यावर मशीन बसवलेलं. मोटर जनरेटरला फिरवते, जनरेटर मोटरला वीज देतो, आणि उरलेल्या विजेवर तुमचा पंप चालतो, असं त्याचं म्हणणं. बॅटरी फक्त सुरू करायला, बिल शून्य. मशीनचा डबा उघडून दाखवता येणार नाही, कारण पेटंट अजून हातात आलेलं नाही आणि मोठ्या कंपन्या टपून बसल्यात.

ऐकणाऱ्यांना कोणी खुळे म्हणू नये. आमच्याकडे शेतीची वीज पाळीने येते, बऱ्याचदा रात्री. उसात बिबट्या. नवरा टॉर्च घेऊन मोटर चालू करायला निघाला की बायको दारात उभी राहते, तो परत येईपर्यंत. अशा माणसाला कोणी दिवसाची, स्वतःची वीज देतो म्हटलं तर तो ऐकणारच. साहेबाने हे आमच्यापेक्षा चांगलं ओळखलं होतं.

मशीन चालू करायच्या आधी त्याने सत्कार ठेवले. एक निवृत्त गुरुजी, एक जुने बागायतदार, आणि मी. "या मशीनची मोटर आपल्याच मिस्त्रींनी भरलीय," असं माइकवर सांगून त्याने माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. तेल-व्हार्निशने काळे झालेल्या हातांना तोवर कोणी नारळ दिला नव्हता.

मशीन सुरू झालं. पंपाचं बटण दाबलं, टाकीत धो धो पाणी पडायला लागलं, वर दिव्यांची माळ पेटली. लोक उभे राहिले. माझे कान मात्र टवकारले. एवढा लोड पडला की मोटरचा आवाज दबतो, ती कण्हते. ही मघाशी होती तशीच गुणगुणत होती.

तासाभराने साहेब म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही हात लावून सांगा."

मी जनरेटरवर तळहात ठेवला. तासभर एवढं पाणी ओढायला वीज देणारा जनरेटर हाताला चटका देतो. हा थंड होता. पंप कुठल्या तरी दुसऱ्याच विजेवर चालला होता. ती कुठून येते ते मला माहीत नव्हतं, पण येते हे मला त्याच क्षणी कळलं.

दोस्त पहिल्या रांगेत बसला होता. बाकीचे पाण्याकडे बघत होते, तो माझ्या हाताकडे बघत होता.

मी मान हलवली.

त्यानंतर मी स्वतःला खूप कारणं दिली. मशीन चालू आहे एवढंच मला सांगायचं होतं. ज्याची शाल अंगावर, त्याचा भर मांडवात अपमान कसा करायचा? दोस्ताला नंतर बाजूला घेऊन सांगू. पण मी फोटो काढून घेत होतो तेवढ्यात त्याने बुकिंग केलं. साहेबाची अटच होती, गावाला एकच मशीन आणि तेही आजच घ्यायचं. नदीवरून नवी पाइपलाइन आणायला ठेवलेले पैसे त्याने तिथेच दिले.

तरी बोलायला मला अख्खा मोसम मिळाला. एकदा तो दुकानात आला आणि हसत सांगायला लागला, "पोरगी लई भांडली राव. म्हणती, आबा, फिरण्यात जी वीज खर्ची पडती ती भरून कुठनं येती? म्हनलं, चार बुकं शिकली म्हून मिस्त्रीपेक्षा जास्त कळतं का तुला? त्यानं हात लावलाय."

मी चहा सांगितला. त्या चहाची लाज मला अजून वाटते.

मशीन काही येईना. कधी पार्ट बाहेरून यायचा होता, कधी कागद अडला होता. गंमत म्हणजे ज्यांनी पैसे भरले होते, तेच साहेबाची बाजू घेऊन चावडीवर भांडत. मग एके दिवशी वायरमनने दुरुस्तीसाठी त्या भागाची लाइन बंद केली. नेमके काही लोक मशीन बघायला गेले होते. शेडला कुलूप आणि 'सर्व्हिसिंग चालू' अशी पाटी. ते कुलूप साहेबाने पुन्हा उघडलं नाही.

शेडमालकाने मशीन सोडवून चौथरा फोडायला मला बोलावलं. सिमेंटखालून अंगठ्याएवढी जाड केबल निघाली, थेट मागच्या खोलीतल्या मीटरपर्यंत. माझी मोटर त्याने नुसती दाखवायला फिरवली होती. पोलिसात तक्रार झाली, ती अजून तिथेच आहे.

मी डिंगोऱ्याला गेलो आणि सांगून टाकलं.

"थंड लागला व्हता तुला?" त्याने विचारलं.

"हो."

"तवाच?"

"तवाच."

"मंग मान कशापायी हलवली?"

"अंगावर शाल होती," मी म्हणालो.

पोरगी दारात उभी होती. ती वळून आत गेली. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने घरी आलो असतो.

तो अजून माझ्याच दुकानात येतो. पाइपलाइन झाली नाही, त्यामुळे जुनी मोटर फार ताणते. या उन्हाळ्यात पुन्हा जळाली. मी भरली, त्याच्यासमोर तासभर चालवली, तळहात ठेवला आणि मान हलवली. एरवी तो लगेच जीपवाल्याला हाक मारायचा. या वेळी तो पुढे आला, त्याने बाही वर सारली आणि मोटरवर स्वतःचा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग माझ्याकडे न बघता जीपवाल्याला म्हणाला, "उचला."