वाघाच्या वाटेवरचा कापूस

पायाला भिंगरी लागलेल्या बाईला थंडीतला शनिवार-रविवार नागपुरात बसून काढायला सांगणं म्हणजे शिक्षाच. त्यात आत्याचा फोन. "आमच्याकडं वाघ आला हाय. आत्ता येऊ नोको." मला त्यातलं फक्त 'वाघ' ऐकू आलं. रात्रीच बॅग भरली.

नागपूर ते आदिलाबाद बसने पाच तास धरा. पांढरकवड्यानंतर पैनगंगेचा पूल ओलांडला की तेलंगणा. आदिलाबादला स्टँडबाहेर गरम मिरची भजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. तामसीच्या बसमध्ये कंडक्टरबाई तेलुगूत, मी मराठीत, शेवटी हिंदीत भागलं. "आधार महाराष्ट्र का है? फिर टिकट लगेगा." तिथल्या बायांना बस फुकट आहे. शेजारची म्हातारी माझ्या तिकिटाकडे बघून खुदकन हसली. गाव तामसीच्या पुढे आहे, नाव लिहीत नाही. उगाच गर्दी कराल.

गावाने वनखात्याला शब्द दिला होता. कापूस वेचायचा तो सकाळी दहा ते दुपारी चार, तोही एकत्र. डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधायचा, कारण वाघ पाठीमागून येतो म्हणतात. आणि रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेत करंट सोडायचा नाही, त्यात वाघही मरतो. हे गावाच्या गळी उतरवलं कविताने. बारावी झालेली गावचीच पोरगी, खात्याने वाघावर नजर ठेवायला नेमलेली. घरोघरी फिरून, शिव्या खाऊन तिने तारा गोळा केल्या होत्या. रोज सकाळी ती ठसे बघायची आणि कुठली बाजू बंद ते सांगायची.

रविवारी दहाला आत्याच्या वावरात आम्ही अकरा बाया. आत्याच्या डोक्यामागच्या मुखवट्यावर भरघोस मिशांचा एक बाप्या.

"आत्या, मागून लय देखणी दिसतेस!"

"गप. वेच."

कविता बांधावर उभी राहून थोड्या थोड्या वेळाने एकेकीचं नाव घ्यायची आणि जिचं नाव ती "हाव!" म्हणायची. सकाळीच तिने बजावलं होतं, "नाल्याकडं ठसे हायेत. तिकडं कोणी जाऊ नोका."

बारापर्यंत माझी बोटं सोलली आणि जीव कंटाळला. नाला दिसत होता, दोनशे पावलांवर. एक फोटो काढायला कितीसा वेळ लागतो? "पाणी पिऊन येते," आत्याला थाप मारली आणि सटकले.

ओल्या रेतीत ठसा होता. लहान भाकरीएवढा, चारी बोटं स्पष्ट. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. अकरा फोटो काढले. माझं नाव घेतलं गेलं ते ऐकूच आलं नाही. नाल्याकाठाने फिरून वर आले, तर सगळ्या बाया घोळका करून डबे बडवताहेत, माझ्या नावाने बोंबलताहेत. आणि आत्या, साठीची माझी आत्या, एकटीच अनवाणी नाल्याकडे पळत होती. मुखवटा कुठेतरी पडला होता.

तिने आधी मला कवटाळलं, मग थोबाडीत दिली. मी एक्केचाळीस वर्षांची आहे.

वेचणी तिथेच थांबली. सांजेला गाव शाळेच्या ओट्यावर जमलं. मोटारसायकलवर आलेले वनखात्याचे साहेब एका कडेला उभे. शेजारच्या वावराचा देवराव उठला. "आज ही वाचली. उद्या आपली बाई जाईन. एवढे नेम पाळून काय भेटलं? तारा वापस घ्या, करंट सोडा, मोकळे व्हा!"

पाच-सहा जणांनी माना हलवल्या. कविताचा चेहरा पडला. तारांची वेटोळी तिच्याच ओसरीत होती, न्यायला आले असते तर ती कोणाकोणाला अडवणार होती? धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. मी उठायला गेले तर आत्याने खांदा दाबून खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"देवराव, नेम माह्या भाचीनं मोडला. वाघानं नाई मोडला, तो नाल्यातच होता. त्याले काऊन मारता?"

"मंग तुह्या वावराचं काय?"

"दंड म्हून बंद ठेवा माहं वावर. कविता म्हणन तवा उघडन."

आभाळ भरून आलं होतं आणि अर्धा कापूस झाडावर होता, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. तारा न्यायला कोणी गेलं नाही.

सोमवारी परत आले. येताना भजी खाल्ली नाहीत. मंगळवारी तिकडे पाऊस पडला. घरात बसवेना, गच्चीवर नुसत्या येरझाऱ्या. बुधवारी आत्याला फोन केला.

"भिजला थोडा," ती म्हणाली. "आज उघडलं वावर. देवराव बायकोले घेऊन वेचू लागाले आला, बराबर दहाले."

मला रडू फुटलं. चुकले म्हटलं, माफ कर म्हटलं.

"मले नोको म्हणू. कविताले म्हण. पोट्टी दोन दिस जेवली नाई. तू मेली असती तर काय केलं असतं, असंच म्हणून राह्यली."

नंबर घेतला. तीनदा लावला आणि तिन्ही वेळा रिंग जायच्या आत मीच कापला. एकटीने आठ राज्यं फिरल्याची बढाई या ब्लॉगवर मारत आलेली बाई मी, आणि बारावी पास पोरीचा आवाज ऐकायची छाती होत नाही. हे लिहून संपलं की पुन्हा लावते.