आईला दिसलेला डॉल्फिन

डॉल्फिन पाण्याबाहेर किती वेळ राहतो, हे मला मालवणात कळलं. "आई, ते बघ" म्हणायला लागतो, तेवढाही नाही.

आईची नजर अधू होत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, आता काय हवं ते दाखवून घ्या. मी तिला विचारलं, तर ती लाजत म्हणाली, "डॉल्फिन." म्हणून आम्ही होडीत बसलो होतो.

"ते बघा, डाव्या बाजूक!" होडीवाले काका ओरडले. मी आईचे खांदे धरून तिला वळवलं, तोवर पाणी मिटलं होतं. मग उजवीकडे, मग मागे. दर वेळी मला डॉल्फिन दिसला आणि तिला नुसतं चमकणारं पाणी. काकांनी इंजिन बंद करून बराच वेळ वाट पाहिली. दाखवणारा फक्त बोट दाखवू शकतो. पाहायचं ज्याचं त्यालाच असतं.

शेवटी आईच म्हणाली, "दिसला हो मला. चला आता."

किनारा जवळ आल्यावर तिने हळूच विचारलं, "रंग कसा असतो रे त्याचा? तुझ्या ताईने फोनवर विचारलं तर सांगता यायला हवं."

"राखाडी," मी म्हणालो. "ओल्या पाटीसारखा."

"ओल्या पाटीसारखा," ती पुटपुटली, आणि होडीतून उतरेपर्यंत तेच पाठ करत राहिली.