विहिरीतला हिरवा दगड

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. आमची विहीर खोदताना हिरवा दगड लागला, तेव्हापासून मी खोदकाम बंद पाडलं होतं. खाली तांबं हाय, सुरुंग लावून त्याचा चुरा करू देणार नाय, असं पोराला बजावलं होतं. सून लांबून पाणी आणायची.

वणीच्या गाडीत शेजारी एक पोरगी बसली. पायाशी हातोडा. म्हणाली, "राजस्थानात तांबं शोधते, बाबा. तिकडं लोखंड, तांबं, सोनं कधी कधी एकाच खडकात असतं."

मी खिशातला दगड काढला आणि अख्ख्या गाडीला ऐकवलं, "हे बघ माझं तांबं!"

तिनं दगड जिभेला लावला, गळ्यातल्या भिंगातून निरखला. सगळे बघत होते. मग ती माझ्या कानाशी वाकली. "बाबा, हे तांबं नाही. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळीत असा हिरवा थर धरतो. मीही पहिल्यांदा फसले होते."

लगेच मोठ्यानं म्हणाली, "फार देखणा दगड आहे, जपून ठेवा."

चारचौघांत तिनं माझा मान राखला. तिचं नाव मात्र विचारायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोराला म्हणालो, "बोलव सुरुंगवाल्याला. मी सांगतो म्हणून विहीर खोल कर." दगड माझ्या खिशातच होता.