मेण न लावलेला दोरा

आमच्या हवेलीच्या दारावर घराण्याच्या मूळपुरुषाचा दगडी पुतळा आहे. छाती पुढे, हातात तलवार, पायाखाली पंखवालं जनावर. धादांत खोटं! त्याने जन्मात तलवार धरली नाही. तो घोड्यांची खोगिरं शिवायचा आणि रस्त्यावरच्या कुत्र्यालाही घाबरायचा. गल्लीत त्याला ससोबा म्हणत.

त्या काळी डोंगरात कातडी पंखांची अजस्र जनावरं राहत. त्यातलं एक भर दुपारी त्याच्या दुकानावर कोसळलं. पंख फाटलेला. छप्पर बसलं, आणि मागच्या खोलीत बायको तान्ह्या मुलीसकट अडकली, कारण दारातच ते धूड आडवं पडलं होतं. गल्ली क्षणात रिकामी झाली. ससोबाची पाचावर धारण बसली. तो पळाला नाही, कारण पायच हलेनात.

"अहो, पोरीचा जीव घुसमटतोय," आतून बायको ओरडली. "त्याला उठवा तिथून!"

"अगं, कसं उठवू? ते बघतंय माझ्याकडे!"

"मग तुम्ही पंखाकडे बघा. शिवता तरी येतं ना?"

त्याने आरी आणि दाभण उचलली. कातडं शिवताना दोऱ्याला मेण चोळावं लागतं, नाहीतर तो ओलीने कुजतो. मेणाचा गोळा जनावराच्या जबड्यापाशी पडला होता. हात लांब केला असता तर मिळाला असता. त्याने नाही केला. कोरड्या दोऱ्यानेच वेडेवाकडे टाके घातले, रडत रडत. जनावराने हूं की चूं केलं नाही. शेवटची गाठ बसताच ते उठलं आणि उडून गेलं. मायलेकी धुळीने माखून बाहेर आल्या.

कोपऱ्यावरून पाहणाऱ्यांनी ठरवून टाकलं की याने राक्षसाला पिटाळलं. मग जमीन आली, मान आला, हवेली आली. "अहो, मी फक्त शिवलं, तेही कच्चं," असं तो सांगत राहिला. लोक म्हणाले, केवढा हा विनय!

पुढचं सगळं आयुष्य तो आकाशाकडे बघत जगला. ढगाची सावली पडली तरी भरल्या ताटावरून उठायचा. रोज सकाळी नव्या दोऱ्याला मेण चोळून ठेवायचा. "ती शिवण उसवणार," म्हणायचा, "आणि ते शिवणाऱ्याच्याच दारी येणार." मुलांना आरी धरायला शिकवू लागला, तर मुलं म्हणाली, "बाबा, आता आपण खोगिरावर बसणारे." शेवटी तो खिडकीपाशीच वारला, डोळे उघडे ठेवून.

आज सकाळी अंगणात दोऱ्याचा तुकडा सापडला, काळा आणि कुजका. घरात घाण पडते म्हणून मोठे काका झाडूवालीला झापत होते, तेवढ्यात ऊन गेलं. वर ढग नव्हता.

हे लिहितेय तेव्हा ते अंगणात बसलंय, एक पंख लोंबकळत, आणि दारावरच्या पुतळ्याकडे टक लावून बघतंय. तलवारी घेऊन निघालेले काका कोठीत कडी लावून बसलेत. एवढ्या मोठ्या घराण्यात दाभणात दोरा ओवता येणारं एक माणूस नाही. ससोबाची गंजकी आरी मी शोधून काढलीय आणि आत्तापर्यंत दोनदा स्वतःलाच टोचून घेतलंय. मला भयंकर भीती वाटतेय.

मेण मात्र आधी खिशात टाकलंय.